खाली माझी सही

सोमवारी सकाळी काकांनी मला वांगी दिली आणि मंगळवारी दुपारी त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. सोमवारी संध्याकाळी मी त्या वांग्यांचं भरीत केलं होतं. छान झालं होतं. हे मी सहसा कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की समोरचा माझ्या तोंडाकडे बघत बसतो, आणि तिथे त्याला बघण्यासारखं काही सापडत नाही.

मी सातिवलीतल्या एका लहान कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीअर आहे. किचनमधली स्टीलची सिंक बनवतो आम्ही. सपाट पत्रा प्रेसवर ठेवतात, वरून मोठं लोखंडी डोकं तेलाच्या दाबाने खाली येतं, पत्र्यात खड्डा पाडतं आणि वर जातं. झालं सिंक. अशा सात मशीन आहेत. सहा नंबर सगळ्यात जुनी, आणि तिच्यावर काका. माझ्या नात्यातले नव्हेत. पन्नाशी उलटलेला माणूस म्हणून अख्खा कारखाना त्यांना काका म्हणतो. खाडीकाठच्या गावातले, घरची शेती असलेले. भातात राम राहिला नाही तेव्हा कामाला लागले, पण घरामागचा भाजीचा वाफा त्यांनी सोडला नाही. नवीन पोरगं कामावर आलं की पहिले दोन महिने त्याला काकांच्या हाताखाली द्यायचं, ही आमच्याकडची रीत.

प्रत्येक मशीनला एक रजिस्टर असतं. सुट्टी व्हायच्या आधी ऑपरेटरने त्यात मशीन दिवसभर कशी चालली ते लिहायचं. बाकीचे 'ओके' लिहितात आणि पळतात. काका पान भरायचे. डावखुरे होते, त्यामुळे लिहिताना हात शाईवरून घासायचा आणि प्रत्येक ओळ थोडी फरफटलेली दिसायची. दर शनिवारी चहा आला की ही रजिस्टरं माझ्या टेबलावर यायची आणि मी आठवड्याच्या प्रत्येक पानाखाली 'पाहिले' लिहून सही ठोकायची. माझ्याआधी जे साहेब होते त्यांनीच मला हे शिकवलं होतं: डाव्या हाताने पान उलटायचं, उजव्या हाताने सही करायची, तोंड चहाला मोकळं ठेवायचं. सात मशीन, सहा दिवस, बेचाळीस सह्या, आणि चहा अजून गरम. मला त्या वेगाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू!

सुरुवातीचे दोन महिने मी काकांची पानं वाचायचे. मग सोडून दिलं. सकाळी नळाला पाणी उशिरा आलं इथून त्यांची सुरुवात. मग रिक्षा मिळाली का, गावात कोण आजारी, मग मशीन, मग परत घर. मापं सगळी बोटांत नाहीतर पेल्यांत. पत्रा दोन बोटं सरकला, तेल अर्धा पेला गळलं. मला अशी चीड यायची! एकदा सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणाले, "काका, ही काय गोष्टींची वही आहे का? मुद्द्याचं लिहा. आणि बोटं नकोत, मिलीमीटर लिहा." पोरं हसली. काकाही हसले. "बरं मॅडम," म्हणाले. पुढचा आठवडाभर त्यांनी इमानेइतबारे 'ओके' लिहिलं. त्यानंतरच्या सोमवारी परत पानभर. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, ओके लिहून घरी गेलो की चैन पडत नाय. काय तरी सांगायचं राहिलं असं वाटत राहतं." मी कपाळाला हात लावला आणि विषय सोडला.

तर तो सोमवार. मी गेटमधून आत शिरते तोच काका पिशवी घेऊन उभे. आत वांगी होती, ताजी, देठाला काटे असलेली. "लिहिलं होतं ना मॅडम, आनीन म्हनून," ते म्हणाले. मला काही आठवेना. आठवणार कुठून? वही शनिवारी सही करून परत पाठवली होती एवढंच माहीत होतं. मी म्हणाले, "हो हो काका, वाचलं की!" आपण असं म्हणतोच. कोणी विचारतं, पाठवलेलं बघितलंस का? आपण म्हणतो, हो बघितलं. त्यात काय एवढं. काका खूश झाले आणि सहा नंबरकडे गेले. त्याच दिवशी मेकॅनिकही सहा नंबरपाशी दोन तास होता. तेलाचा एक पाइप बदलायचा बरेच दिवस राहिला होता, तो त्याने बदलला.

आता ठोकळ्याचं सांगायला हवं. मशीनची मोटर बंद केली तरी ते वरचं डोकं वर टांगलेलंच राहतं, फक्त आत कोंडलेल्या तेलाच्या जोरावर. म्हणून खालचा साचा पुसायला हात घालायचा तर आधी मध्ये एक लोखंडी ठोकळा उभा करायचा. तेलाने दगा दिला तरी ठोकळा डोकं अडवतो. काका हा ठोकळा न चुकता लावायचे. पोरं कंटाळा करायची आणि काका त्यांच्या पाठीत धपाटा घालायचे. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर काकांनी फडकं घेतलं आणि साचा पुसायला दोन्ही हात आत घातले. ठोकळा भिंतीला टेकवलेला होता, तो तिथेच राहिला. आतलं रबरी सील फाटलं, तेल निसटलं, डोकं खाली आलं. उजवा हात वेळेवर बाहेर निघाला.

मी सगळं बरोबर केलं. मेन स्विच पाडला, जॅक लावून डोकं वर घ्यायला लावलं, बर्फ आणवला, हॉस्पिटलला फोन करून आधीच कळवलं, काकांच्या मुलाला कळवलं. कोणीतरी म्हणालं, मॅडमची कमाल आहे. एव्हरशाईन सिटीतल्या घरी येऊन मी डबा घासला. मग घासलेला डबा परत घासला. मला काही होत नव्हतं. रडू नाही, भूक नाही, राग नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. आठवडाभर ते तसंच राहिलं. आईने फोनवर विचारलं, "तू बरी आहेस ना?" मी म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" आणि ते खरंच होतं, मला काही झालंच नव्हतं.

बुधवारी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. शेठ वाईट माणूस नाहीत. रोज हॉस्पिटलला जाऊन येत होते, स्वतः डबा नेत होते. म्हणाले, "मॅडम, सोमवारी इन्स्पेक्टर येणार. रिपोर्ट तुमच्या सहीने जाईल. ठोकळा लावला नव्हता हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग तेवढंच लिहा. कामगाराचा निष्काळजीपणा. त्यावर काकांची पण सही घ्या, म्हणजे विषय मिटला. त्यांना आपण टाकत नाही आहोत, गेटवर बसवू. पण मशीनजवळ नाही, आणि पोरांना शिकवायला तर नाहीच. निष्काळजी माणसाच्या हाताखाली पोरं कशी द्यायची, तुम्हीच सांगा."

मी खुर्ची मागे सरकवली. शेठ हळूच म्हणाले, "आणि ते सहा नंबरचं रजिस्टर तुमच्या घरी राहू दे. मागितलं तर बघू."

मी रजिस्टर घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीखाली ठेवलं. उघडलं नाही. रिपोर्टसाठी फोनवरच्या एआयला चार मुद्दे दिले, त्याने मिनिटभरात दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट काढून दिला. मी वरवर नजर फिरवली. चूक एकही नव्हती. कामगाराने ठरलेली सुरक्षा पद्धत पाळली नाही, हे त्यात तीन निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितलं होतं, आणि तिन्ही खऱ्या होत्या. शेवटी दोन सह्यांची जागा, एक माझी, एक काकांची. मी प्रिंट काढली आणि तीही टोपलीखाली सरकवली.

रविवारी सकाळी दादा आला. दादा माझा मोठा भाऊ, विरारला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो. आमच्या घरात हे जरा हळू आवाजात सांगतात. दहावीला मी मराठीचे धडे वाचलेच नव्हते, गाइडमधली उत्तरं घोकली आणि दादापेक्षा जास्त मार्क आणले. बाबा ते आल्यागेल्याला सांगायचे. दादा आर्ट्सला गेला तेव्हा तेच बाबा महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. मी त्याला अजून छळते, "काय रे, आज कुठल्या मेलेल्या राजाची उठाठेव?" तो म्हणतो, "तुझ्या मशीन पण मरणारच आहेत, तेव्हा मलाच बोलाव."

त्या दिवशी त्याने तसलं काही म्हटलं नाही. "फोन का उचलत नाहीस?" म्हणाला आणि टेबलाशी बसला. दादाला रिकामं बसता येत नाही. हाताला लागेल ते वाचतो, औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा घडी उघडून वाचतो. त्याने टोपली बाजूला केली आणि रजिस्टर ओढलं. मी नको म्हणणार होते. पण तेवढंही अंगात नव्हतं, मी चहा टाकायला गेले.

मला वाटलं, चार पानं चाळेल आणि ठेवेल. तो पहिल्या पानापासून सुरू झाला आणि वाचतच राहिला. चहा झाला, पोहे झाले. मध्ये मध्ये हसत होता. "अगं, हा माणूस काय लिहितो! मेव्हण्याच्या लग्नात जेवण कमी पडलं ते पण लिहिलंय." मी भांडी लावत होते. थोड्या वेळाने हसणं थांबलं. त्याने पेन्सिल मागितली आणि वीजबिलाच्या पाकिटामागे काहीतरी टिपायला लागला. पाऊण तासाने त्याने मला हाक मारली.

"इकडे ये. हे मशीनचं डोकं आपोआप खाली येतंय असं हा म्हणतो, ते कधीपासून आहे तुला माहीत आहे?"

"कुठे काय म्हणतो?"

"गणपतीच्या आधी पहिल्यांदा लिहिलंय. एक बोट. त्यानंतर अकरा वेळा आलंय, मी मोजलं. प्रत्येक वेळी जेवणाच्या सुट्टीनंतर. सकाळी एकदाही नाही. ज्या दिवशी अर्धा दिवस लाईट नव्हती असं लिहिलंय, त्या दिवशी पण नाही. आणि बोटं वाढत चालली आहेत. मला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही, पण हे काय आहे?"

हे काय आहे ते डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. तेल सकाळभर चालून तापतं, पातळ होतं आणि झिजलेल्या सीलमधून निसटतं. थंड असताना निसटत नाही. इतिहासाच्या एका मास्तराने पोहे खाता खाता रोगाचं नाव सोडून सगळं शोधून काढलं होतं, आणि ज्याने ते मुळात शोधलं होतं तो ते चार महिने दर आठवड्याला माझ्या टेबलावर पाठवत होता.

"अपघाताच्या आधीचा बुधवार," दादा म्हणाला आणि त्याने मोठ्याने वाचलं:

"आज सकाळी पानी उशिरा आलं म्हनून दहा मिनिटं वेळ झाला, माफी असावी. सहा नंबर सकाळी बरी चालली. जेवायला गेलो तेव्हा डोकं पूर्ण वर ठेवून गेलो. येऊन बघतो तर चार बोटं खाली. सोमवारी तीन होतं. तेल तापलं की तिला धीर निघत नाय. माझ्या मते सील गेलं आहे, मॅडमनी बघून घ्यावं. मी ठोकळा लावतोच पन पोरांचा भरवसा नाय. घरी वांगी लावली आहेत, या खेपेला चांगली आली. सोमवारी मॅडमसाठी आनीन."

खाली 'पाहिले' होतं आणि खाली माझी सही. शेवटच्या अक्षराची शेपटी मी नेहमी लांब ओढते, ती वांग्यांच्या ओळीला जाऊन लागली होती. मला लाज वाटली. सबंध आठवड्यात पहिल्यांदाच काहीतरी वाटलं. पण तेही टिकलं नाही, खुर्चीवर बसेपर्यंत गेलं.

दादा मला बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. त्याने टोपलीखालचा रिपोर्ट काढला, तोही पूर्ण वाचला, आणि म्हणाला, "यात सगळं आहे. फक्त एक नाही. हा माणूस ठोकळ्यावरून पोरांना मारतो. बुधवारी लिहितो, मी लावतोच. मग मंगळवारी का नाही लावला? मधे काय झालं?"

"विसरला असेल!" मी खेकसले. "माणूस आहे, विसरतो."

"विसरला असेल. तू विचारलंस त्याला?"

नव्हतं विचारलं. मी नाही, शेठनी नाही, कोणीच नाही. काय झालं हे आम्ही सगळ्यांनी दहा वेळा विचारलं होतं, कारण त्याचं उत्तर मशीनमध्ये होतं. त्याला काय वाटलं हे विचारायचं असतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मला चार वर्षं कॉलेजात जे शिकवलं त्यात तो प्रश्न नव्हता, आणि जिथे होता ते धडे मी गाइडमधून उरकले होते.

"आम्ही कागद हातात आला की एवढंच बघतो," दादा पाकीट खिशात घालत म्हणाला. "लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं? हा रोज एवढं लिहितो, तर कोणीतरी वाचतंय असं त्याने धरलेलं असणार ना."

मी म्हणाले, "तू जा आता." तो गेला. दारातून परत वळून म्हणाला, "जेवून घे." मी जेवले नाही.

काका शनिवारी हॉस्पिटलमधून घरी आले होते. मी रिपोर्ट पर्समध्ये घातला, रजिस्टर स्कूटीच्या डिकीत टाकलं आणि दुपारी त्यांच्या गावी गेले. घर सापडायला वेळ लागला नाही, मागच्या वाफ्यावरून ओळखलं. वांगी तशीच झाडाला लटकली होती, काही पिवळी पडली होती. तोडायला कोणाला सवड नसणार.

काका पडवीत खुर्चीवर बसले होते. डावा हात उशीवर, पांढऱ्या पट्ट्यांत. मला बघून उठायला लागले. "बसा बसा," मी म्हणाले. काकूंनी तांब्या-पेला आणला. "पानी घ्या." मी घेतलं.

"सहा नंबर कशी आहे?" काकांनी विचारलं.

"बंद आहे."

"सीलच गेलं ना?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या पर्समधून वर आलेले कागद त्यांना दिसले. "सही पाहिजे ना? शेठचा फोन आला होता. द्या, उजव्या हाताने होईल तशी करतो."

"इंग्रजीत आहे, काका."

"असू दे. तुम्ही वाचलंय ना? मग झालं."

मी कागद दिले नाहीत. मी विचारलं, "काका, त्या दिवशी ठोकळा का नाही लावला?"

काकू आत निघाल्या होत्या त्या दारात थांबल्या. काका खाली बघायला लागले. पोरासारखे ओशाळले. "चुकलंच माझं, मॅडम. लावायला पायजे होता. पन म्हटलं, आता काय भीती. सोमवारी तुम्ही करून घेतलंत ना. मेकॅनिक दोन तास होता. एवढ्या महिन्यांत मंगळवारी पहिल्यांदा बिनघोर जेवलो. येऊन बघितलं तर डोकं जरापन खाली नव्हतं. म्हटलं, बरोबर, नवीन सील."

"तो पाइप बदलत होता. सील नाही. तेल नवीन भरलं, म्हणून तेवढा वेळ डोकं टिकलं."

"पन मी सीलचं लिहिलं होतं."

"हो."

"खाली तुमची सही पन होती. मी शनिवारी घरी जाताना बघून जातो, सही झाली का."

"सही होती, काका. पण मी वाचलं नव्हतं."

ते हसले. मला सांभाळून घ्यायला हसावं तसे. "काय मॅडम! वांग्याचं वाचलंत ना. मी घरचं मुद्दाम शेवटाला लिहितो. पहिलं पहिलं तुम्ही रागावलात ना, तेव्हापासून. म्हटलं, तुम्ही घरचं काय विचारलंत, म्हंजे वरचं मशीनचं वाचलंच. नाय विचारलंत तर परत लिहायचं. म्हनून तर अकरा-बारा वेळा लिहिलं. त्या सोमवारी तुम्ही म्हनालात, वाचलं."

मला वाटतं मी पेला खाली ठेवला. पेला खाली ठेवलेला मला आठवतो. मी म्हणाले, "वांग्यांचंही वाचलं नव्हतं. तुम्ही पिशवी पुढे केलीत म्हणून तसं म्हणाले."

काकू आत गेल्या. काकांचं हसू तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग गेलं. त्यांनी पट्टीतल्या हाताकडे बघितलं. मी थांबले. ते ओरडतील, बाहेर हो म्हणतील, काहीही म्हणतील, मला चाललं असतं. त्यांनी विचारलं, "मग हो कशाला म्हनालात?"

शरमेने जीव जावा असं म्हणतात, तसं काही झालं नाही. मी तिथे बसले होते, माझे हात मांडीवर होते, आणि दहाच्या दहा बोटं मला दिसत होती.

मी डिकीतून रजिस्टर आणलं. "मी आता वाचते," म्हणाले. मी गणपतीच्या आधीच्या त्या पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मेव्हण्याच्या लग्नातलं जेवण आलं, लाईट गेलेली आली, एक बोट, दोन बोटं आली. काका दुसऱ्याच कोणी लिहिलेलं ऐकावं तसं ऐकत होते. एकदा म्हणाले, "हे बरोबर आहे." एकदा म्हणाले, "हळू वाचा." ऊन पडवीच्या कडेला आलं तेव्हा मी बुधवारच्या पानाशी पोचले.

मग त्यांच्याकडून दोन कोरे कागद मागून घेतले. इंग्रजी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मराठीत हाताने लिहायला बसले. बारा नोंदी, त्यांचे दिवस, प्रत्येक वेळी डोकं किती खाली आलं ते काकांच्या शब्दांत, बोटांतच. मिलीमीटर केलं नाही. बुधवारचं पान जसंच्या तसं. त्याखाली लिहिलं: कामगाराने दुरुस्ती मागितली होती. त्याच्या नोंदीखाली माझी सही असल्याने आणि मी वाचल्याचं त्याला तोंडी सांगितल्याने दुरुस्ती झाली आहे असं त्याने धरलं. प्रत्यक्षात मी नोंद वाचलेली नव्हती. एवढं लिहिल्यावर सोमवारी शेठ काय म्हणतील, माझी नोकरी राहील का, हे मनात येऊन गेलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं. सही करा."

"आधी वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. बुधवारचं पान संपलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"वांग्याचं राहिलं."

खरंच राहिलं होतं. जसंच्या तसं उतरवते आहे असं वाटत असताना माझ्या हाताने ती ओळ आपोआप गाळली होती. मी म्हणाले, "काका, हा इन्स्पेक्टरचा कागद आहे. त्यात वांगी कशाला?"

"असू द्या," काका म्हणाले. "त्याच्या भरवशावर तर मी हात घातला."

मी पेन उघडलं. जागा थोडीच उरली होती, बारीक अक्षरात वांग्यांची ओळ लिहिली. मग सगळं परत पहिल्यापासून वाचून दाखवलं, आणि मग खाली माझी सही केली.